पाळीव मांजर आणि आपल्या आवारांतील विषारी वनस्पति

शेतकऱ्याच्या घरच्या जनावरांची मोजदाद करावयास कोणी बसला, तर बैल, गाय, म्हैस, शेळी, कोंबडी हीं सर्व त्याच्या वहींत येतील. मांजर मात्र बहुधा गळेल. तें विकत घ्यावें लागत नाहीं, त्यास दावें नसतें, त्याच्या वैरणीचा हिशेब नसतो. तथापि कणगींतलें भात, माळ्यावरील कांद्याच्या माळा, पडवींतील सुपारीचीं पोतीं आणि पुढल्या सालचें बियाणें यांची राखण रात्रभर जागून जें करतें तें तेंच होय. उंदीर जितकें धान्य खातो त्याहून अधिक नासतो. शिवाय त्याच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरोसिसचा ज्वर पसरतो, आणि पावसाळ्यांत चिखलांत राबणाऱ्या कोंकणच्या शेतकऱ्यास त्याचें भय विशेष असतें, हें आतां सर्वश्रुत आहे. तेव्हां घरांत एक चांगलें शिकारी मांजर असणें ही नुसती हौस नव्हे. ती घरच्या धान्याची व घरच्या माणसांची तजवीज आहे.

असें हें मांजर एके दिवशीं अन्न सोडतें, कोपऱ्यांत जाऊन बसतें, त्याच्या तोंडांतून लाळ गळूं लागते, आणि दोन-चार दिवसांत तें मरतें. मग घरांत तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो, पान लागलें असेल. कोणी म्हणतो, शेजाऱ्यानें विष घातलें. या दुसऱ्या तर्कापायीं वईला वई लागून असलेल्या दोन घरांत वर्षानुवर्षें अबोला धरला जातो. परंतु तें विष आपण स्वतः लावलेल्या, स्वतः विकत आणलेल्या किंवा स्वतः पिकविलेल्या वनस्पतीचें असावें, ही शक्यता फारच थोड्यांच्या ध्यानांत येते. प्रस्तुत लेखांत हाच विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

थळचें उदाहरण

विषय समजण्यास सोपा जावा म्हणून एक गांव डोळ्यांपुढें घेऊं. रायगड जिल्ह्यांत अलिबागच्या उत्तरेस, समुद्रांतील खांदेरी-उंदेरी या किल्ल्यांच्या समोर थळ हा गांव आहे. अष्टागराच्या या पट्ट्यांत किनाऱ्यालगत नारळी-पोफळींचीं आगरें, त्यांमागें भातशेती, भातानंतर पांढऱ्या कांद्याचें पीक, आणि बंदरावर मासळी, अशी रचना आहे. १९८५ सालीं येथें राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत-कारखाना सुरू झाला. अलीकडच्या काळांत मुंबईकरांचे बंगलेही या किनाऱ्यावर जागोजाग उभे राहिले, आणि त्यांच्या मागोमाग कुंड्यांतील नव्या शोभेच्या झाडांची आवड गांवांतील घरांतही शिरली. यामुळें वईवरील जुनीं झाडें, आगरांतील खतें, माळ्यावरील कांदा आणि ओटीवरील नव्या कुंड्या हीं चारही एकाच आवारांत आढळतात. आणि मासळीच्या आशेनें मांजरें तर घरोघर असतातच. म्हणून या विषयाचीं सर्व अंगें अशा गांवीं एके ठिकाणीं पाहावयास मिळतात. इतर ठिकाणच्या वाचकांनीं आपापल्या आवारास हें माप लावून पाहावें.

मांजराची देहरचना

“गाय या झाडास तोंड लावून फार तर मागें सरते, कुत्रा तो पदार्थ पचवितो, आणि आपण तर रोज खातों, मग मांजरासच काय होणार?” असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचें उत्तर मांजराच्या देहरचनेंत आहे.

पहिली गोष्ट यकृताची. मांजर हें निव्वळ मांसाहारी जनावर आहे. वनस्पतींतील नानाविध द्रव्यें पचविण्याचा प्रसंग त्याच्या पूर्वजांस क्वचितच आला. त्यामुळें अशीं द्रव्यें निर्विष करून शरीराबाहेर टाकण्याचें जें साधन माणसाच्या व कुत्र्याच्या यकृतांत आहे, त्याचा एक महत्त्वाचा भाग मांजराच्या ठिकाणीं निकामी झालेला आहे. ज्या जनुकामुळें हें काम करणारें विकर तयार व्हावयाचें, तें जनुक मांजरांत मोडकें असतें, असें अमेरिकेंतील संशोधकांनीं २००० सालीं दाखवून दिलें. ताप उतरविण्यासाठीं आपण घेतों ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊं शकते, याचें कारण हेंच. जें द्रव्य आपल्या शरीरांतून कांहीं तासांत निघून जातें तें मांजराच्या शरीरांत सांचून राहतें.

दुसरी गोष्ट रक्ताची. रक्तास तांबडा रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनमध्यें गंधकयुक्त अशा कांहीं नाजूक जागा असतात. बहुतेक प्राण्यांत त्या दोन, कुत्र्यांत चार, तर मांजरांत आठ असतात. कांहीं वनस्पतींतील द्रव्यें नेमका याच जागांवर घाला घालतात. म्हणून मांजराचें रक्त इतरांच्या मानानें फार लवकर नासतें.

तिसरी गोष्ट जिभेची, आणि व्यवहारांत हीच सर्वांत अधिक ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. गाय जें खाते तेंच तिच्या पोटांत जातें. मांजराच्या पोटांत मात्र त्यानें न खाल्लेलेंही पुष्कळ जातें. झुडपांतून जातांना अंगास लागलेला चीक, फुलांतील पराग, खताची धूळ हें सर्व तें पुढें तासभर बसून चाटून काढतें. मांजरानें पान चावल्याचें कोणी पाहिलें नाहीं, एवढ्यावरून त्यास वनस्पतीची बाधा झाली नाहीं असें ठरत नाहीं.

चौथी गोष्ट वजनाची. मोठें मांजर भरलें तर तीन-चार किलो भरतें. माणसाच्या मानानें क्षुल्लक अशी मात्राही त्यास भारी पडते.

यावर कोणी म्हणेल कीं, मांसाहारी जनावर पाल्यास तोंड लावीलच कशाला? पण मांजर गवत चघळतें हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे, आणि हा कांहीं रोग नव्हे. ही त्याची जातीची संवय आहे. निरोगी मांजरेंही तसें करतात. दुर्वा, भाताचे किंवा गव्हाचे कोंवळे अंकुर हातीं लागले तर तें त्यांवर संतोष मानतें. न लागले तर जवळ जें हिरवें दिसेल त्यास तोंड लावतें. विशेषतः घरांत कोंडून ठेवलेलीं मांजरें व लहान पिलें असें करतात.

वईवरील झाडें

वई घालतांना शेतकरी कोणतें झाड निवडतो? ज्यास शेळी तोंड लावणार नाहीं तें. हा निवाडा अगदीं बरोबर आहे. पण शेळी त्यास तोंड कां लावीत नाहीं, हें पाहिलें म्हणजे मांजराचा धोका आपोआप कळून येतो. वईच्या अनेक झाडांचा टिकाऊपणा हा त्यांच्या विषावरच उभा आहे.

तांबड्या व पांढऱ्या फुलांची कण्हेर देवपूजेस लागते, म्हणून ती अंगणांत असतेच. तिच्या पानांत, सालींत, फुलांत व मुळांत हृदयावर परिणाम करणारें विष आहे. तें पान वाळल्यावरही जात नाहीं. कण्हेरीची छाटणी करून फांद्या पडवीजवळ टाकून ठेवल्या, तर वाळक्या पानांशीं खेळणाऱ्या पिलास धोका पोंचतो. कण्हेरीचीं फुलें ज्या तांब्यांत ठेवलीं त्यांतील पाणीही मांजराच्या वाटेस येतां कामा नये. पिवळी कण्हेर हें झाड निराळें असलें तरी तिचें विष त्याच जातीचें असून तिच्या बियांत तें विशेष तीव्र असतें. ओकारी, लाळ, जुलाब, पुढें नाडी मंद व अनियमित होणें, आणि हृदय थांबणें, असा या विषाचा क्रम आहे.

शेर, निवडुंग आणि रुई यांचा चीक तोंडास व डोळ्यांस भाजतो. शेराच्या वईंतून घुसतांना फांदी मोडली व चीक डोळ्यांत गेला, तर मांजराचा डोळा सुजून बंद होतो, आणि पंजानें चोळून तें इजा वाढवितें. मोगली एरंड आणि एरंड यांच्या बिया आंतड्यांस जाळणाऱ्या आहेत. गुंजेचें विष तर आपल्याकडे प्रसिद्धच आहे. पूर्वीं चामड्याच्या लोभानें गुरें मारणारे लोक गुंजेच्या सुया वापरीत. गुंज अखंड गिळली गेली तर कठीण कवचामुळें ती बहुधा तशीच बाहेर पडते. फुटलेली किंवा भोंक पाडलेली गुंज मात्र घातक ठरते. धोत्र्यानें डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडें पडतें व मांजर भ्रमिष्टासारखें धडपडतें.

पावसाळ्यांत वईवर आपोआप चढणारी कळलावी, जिला कोणी खड्यानाग किंवा अग्निशिखा म्हणतात, तिचा निराळा उल्लेख केला पाहिजे. तिचीं लाल-पिवळीं ज्वाळेसारखीं फुलें भाद्रपदांत गौरी-गणपतीच्या आराशीसाठीं घरांत आणतात. या वेलीच्या सर्व भागांत, आणि त्यांतही कंदांत व बियांत, कॉल्चिसिन हें द्रव्य आहे. वातरक्तावर माणसास तें औषध म्हणून अत्यंत थोड्या मात्रेंत देतात, आणि त्यासाठीं तामिळनाडूंत कळलावीची शेतीही केली जाते. परंतु मात्रा थोडी वाढली कीं तेंच द्रव्य आंतडीं, अस्थिमज्जा व मूत्रपिंडें यांचा नाश करतें. याचीं लक्षणें कांहीं तास उशिरा दिसतात. त्यामुळें सणाच्या गडबडींत कारण व परिणाम यांचा संबंध कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

आगर आणि खतें

नारळ, केळ, मोगरा, गुलाब, गुलछडी यांपासून मांजरास विषबाधेचें भय नाहीं. पोफळीची झावळ निरुपद्रवी आहे. सुपारीची गोष्ट मात्र वेगळी. सुपारींत अरेकोलीन नांवाचें द्रव्य असतें. पूर्वीं कुत्र्यांच्या पोटांतील पट्टकृमींवर तें औषध म्हणून देत असत. मांजरास तें दिल्यास श्वासनलिकांत इतका स्राव सुटतो कीं त्याचा श्वास कोंडतो. म्हणून “जंत झाले असतील, थोडी सुपारी उगाळून घाला” हा सल्ला कुत्र्याच्या अनुभवावरून कोणी दिला, तरी मांजराच्या बाबतींत तो मुळींच ऐकूं नये.

खतांपैकीं एरंडीच्या पेंडीकडे लक्ष दिलें पाहिजे. तेल काढल्यानंतर एरंडीचें विष तेलांत न जातां पेंडींतच राहतें. पेंड पुरेशी तापविलेली नसेल तर तें कायम असतें. नुसत्या पेंडीकडे मांजर सहसा वळणार नाहीं. परंतु आपल्या किनाऱ्यावर माडांस मासळीचें खत घालण्याची चाल आहे. मासळीच्या कुटीबरोबर एरंडीची पेंड मिसळून आळ्यांत उघडी टाकली, तर मासळीच्या वासानें मांजर तेथें येतें आणि मासळीबरोबर पेंडही खातें. हीं दोन खतें एकत्र करूं नयेत; करावयाचींच झाल्यास त्याच दिवशीं मातीखालीं चांगलीं पुरून टाकावीं.

बांधावर हिरवळीच्या खतासाठीं लावलेल्या गिरीपुष्पास आपले लोक उंदीरमारी म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नांवाचा अर्थही तोच आहे. मध्य अमेरिकेंत त्याची साल व पानें शिजविलेल्या मक्यांत कालवून उंदरांस घालण्याची जुनी रीत आहे. पाला आंबल्यावर त्यांतून रक्त गोठूं न देणारें द्रव्य तयार होतें. बाजारांतील कित्येक उंदीरनाशक औषधेंही याच तत्त्वावर चालतात. अशा विषानें उंदीर तत्काळ मरत नाहीं. तो दोन-चार दिवस मंदावलेल्या स्थितींत वावरतो, आणि असा सुस्त उंदीरच मांजरास प्रथम सांपडतो. विष व मांजर हे दोन्ही पहारेकरी एकाच कोठारावर नेमतां येत नाहींत. ज्यानें मांजर ठेवलें त्यानें विषाऐवजीं सापळा वापरावा.

माळ्यावरील पांढरा कांदा

आतां अशा पिकाविषयीं लिहावयाचें आहे कीं, ज्यावर या टापूंतील पुष्कळ शेतकऱ्यांचा रब्बीचा पैसा अवलंबून आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास त्याच्या गोडीमुळें भौगोलिक मानांकन लाभलें आहे, आणि पातींसकट वेण्या घालून केलेल्या त्याच्या माळा घरोघर टांगलेल्या असतात. हा कांदा माणसास पथ्यकर खरा. मांजरास मात्र कोणताही कांदा हें विषच आहे.

कांद्यांतील गंधकयुक्त द्रव्यें, वर सांगितलेल्या रक्ताच्या नाजूक जागांवर जाऊन, रक्तपेशी फोडतात. मांजराच्या दर किलो वजनामागें सुमारें ५ ग्रॅम कांदा एवढी मात्रा रक्तांत दोष उत्पन्न करण्यास पुरते. म्हणजे चार किलोच्या मांजरास २० ग्रॅम, अर्थात् मध्यम कांद्याची एक मोठी फोड पुष्कळ झाली. लसूण याहून तीव्र आहे. शिजविल्यानें, तळल्यानें किंवा वाळविल्यानें हा दोष जात नाहीं. उलट वाळवून केलेल्या भुकटींत तो एकवटतो. कांदा गोड आहे, डोळ्यांस पाणी आणीत नाहीं, म्हणून तो निर्धोक, असेंही कोणी समजूं नये.

मांजर कच्चा कांदा आपण होऊन फारसें खात नाहीं हें खरें. पण आपण त्यास काय घालतों? कांदा-लसणाचें वाटण घालून केलेल्या मासळीच्या कालवणाचा उरलेला रस्सा भातावर ओतून त्यापुढें ठेवतों. मासळीच्या वासानें तें सर्व चाटून पुसून खातें. एका दिवसांत कांहीं दिसत नाहीं. थोडथोडें रोज जात राहिलें म्हणजे रक्त हळूहळू क्षीण होतें. मांजर सुस्त पडतें, शिकार सोडतें, हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळसर दिसतात, धाप लागते, मूत्र तांबूस होतें. घरचे लोक म्हणतात, “मांजर म्हातारें झालें.” त्याचें वय पाहावें तर तीन वर्षांचेंही नसतें.

यास उपाय अगदीं सोपा व बिनखर्चाचा आहे. वाटण लावण्यापूर्वीं मासळीचीं डोकीं व शेपट्या बाजूस काढून नुसत्या पाण्यांत उकडाव्या, त्यांतील मोठे कांटे काढावे, आणि तें मांजरास घालावें. कालवणाचें खरकटें त्याच्या पुढें ठेवूं नये. कांद्याच्या माळा बांधतांना गळून पडलेली पात व साली त्याच दिवशीं झाडून खताच्या खड्ड्यांत टाकाव्या.

कुंडी आणि फुलदाणी

वईचीं झाडें जुनीं व ओळखीचीं आहेत. कुंड्यांतील पाहुणीं तशीं नाहींत. त्यांतील तीन प्रकार ओळखून ठेवावे.

पहिला प्रकार लिलीचा, आणि मांजरास याहून घातक फूल नाहीं. लग्नकार्यांतील पुष्पगुच्छांत मोठ्या पाकळ्यांचीं, तपकिरी परागांचीं, सुवासिक अशीं लिलीचीं फुलें हल्लीं येतात. हीं, तसेंच डे-लिली नांवानें बागेंत लावतात तीं, मांजराचीं मूत्रपिंडें निकामी करतात. एखादें पान चावणें, अंगास लागलेला पराग चाटणें, किंवा फुलदाणींतील पाणी पिणें एवढेंही पुरतें. विशेष हें कीं, कुत्र्यांस या फुलांनीं अशी बाधा होत नाहीं. हा धोका मांजराच्याच वाट्यास आला आहे. पशुवैद्यांच्याही ध्यानांत तो स्पष्टपणें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आला. प्रथम ओकारी होते, मग कांहीं तास मांजर बरें झाल्यासारखें वाटतें, आणि एक ते तीन दिवसांत लघवी बंद होऊन तें दगावतें. हा मधला बरा वाटण्याचा काळच लोकांस फसवितो.

नांवांत लिली आहे तेवढें प्रत्येक झाड असें नसतें. पावसाळी लिली, नागदवणा यांच्या कंदांनीं ओकाऱ्या व जुलाब होतात, पण मूत्रपिंडांचा तो नाश होत नाहीं. सोनटक्का व गुलछडी यांचा लिलीशीं कांहीं संबंध नाहीं. तथापि फुलाची जात निश्चित ठाऊक नसेल तोंवर तें घराबाहेर ठेवणें शहाणपणाचें.

दुसरा प्रकार सायकसचा. माडाच्या रोपासारखा दिसतो म्हणून आपल्या लोकांस तो आपल्याच गोत्राचा वाटतो. वस्तुतः त्याचा माडाशीं कांहीं संबंध नाहीं. त्याच्या सर्व भागांत, व बियांत विशेषेंकरून, यकृताचा नाश करणारें विष असतें.

तिसरा प्रकार मनीप्लँट, डायफेनबेकिया यांसारख्या अळवाच्या कुळांतील झाडांचा. कच्चें अळू किंवा सुरण घशास खाजतें तें ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळें, तेच यांत असतात. मांजर तोंडावर पंजे मारतें, लाळ गाळतें, खाईनासें होतें. हा त्रास भयंकर दिसला तरी क्वचितच प्राणघातक होतो. लाळ गळते म्हणजे प्रत्येक वेळीं मरणच ओढवलें असें नाहीं, एवढें कळावें म्हणून हें येथें सांगितलें.

बंदोबस्त

हीं सर्व झाडें उपटून टाका, असें आमचें सांगणें नाहीं. कण्हेर देवास हवी, शेर वईस हवा, कांदा तर पोटासच हवा. अंतर ठेवणें आणि वेळेवर साफसफाई करणें यानें पुष्कळसें काम भागतें. त्याचा वर्षाचा क्रम असा ठेवावा.

फाल्गुन-चैत्रांत कांदा घरांत येतो, तेव्हां माळा मांजराच्या उडीबाहेर टांगाव्या आणि पात-साली लोटून टाकाव्या. वैशाखांत वई दुरुस्त करतात, तेव्हां घराच्या दाराशीं व मांजराच्या नेहमींच्या वाटेवर असलेले शेर, रुई व मोगली एरंड काढून तेथें दुसरें झुडूप लावावें. दूरच्या वईवर ते राहूं द्यावे. छाटलेल्या फांद्या पडवीशीं वाळत न ठेवतां लांब नेऊन पुराव्या. कण्हेरीच्या फांद्या चुलींत मात्र घालूं नयेत. तिचा धूरही बाधतो. श्रावणांत घराजवळच्या वईवर कळलावी दिसली तर फुलें येण्यापूर्वीं हातमोजे घालून कंदासकट खणून काढावी. सणांत तिचीं फुलें लावावयाचींच असलीं तर उंच बांधावीं व विसर्जनानंतर ताबडतोब बाहेर टाकावीं. लिली व सायकस हीं दोन मात्र मांजर असलेल्या घरीं आणूंच नयेत. त्यांवांचून आपलें कांहीं अडत नाहीं.

याच्या जोडीस मांजरास त्याच्या हक्काचें हिरवें द्यावें. एका पसरट कुंडींत मूठभर भात किंवा गहूं पेरावा. आठवड्यांत वीतभर अंकुर येतात, आणि मांजर इतर पाल्याकडे सहसा वळत नाहीं. पेरण्यास घरचें साधें धान्य घ्यावें. औषध चोळलेलें बियाणें घेऊं नये.

अंगणांत आपोआप उगवणाऱ्या खोकलीचें मूळ उपटलें असतां मांजर त्यावर लोळतें, तें चाटतें व वेड्यासारखें करतें. हा प्रकार पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. त्या मुळाच्या वासानें त्यास क्षणिक धुंदी येते. ती विषबाधा नव्हे.

बाधा झाल्यास

मांजरानें विषारी वनस्पति खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहत बसूं नये. तोंडांत पानाचा तुकडा असल्यास काढावा. अंगास चीक किंवा पराग लागला असल्यास फडक्यांत गुंडाळून, साध्या पाण्यानें धुवून, पुसून कोरडें करावें, म्हणजे तें पुढें चाटणार नाहीं. डोळ्यांत चीक गेला असल्यास स्वच्छ पाण्याची धार धरावी. वनस्पतीची फांदी, फुलासह मिळाल्यास उत्तम, कागदांत गुंडाळून बरोबर घ्यावी, आणि किती वाजतां काय झालें तें लिहून ठेवावें. पशुवैद्यास याचा जितका उपयोग होतो तितका आपल्या तर्कांचा होत नाहीं.

आतां काय करूं नये तें सांगतों, कारण अपाय बहुधा येथेंच होतो. मीठपाणी पाजून ओकवूं नये. मिठाचेंच विष होतें. तूप, तेल, दूध बळेंच ओतूं नये. दुधानें विष उतरतें ही समजूत निराधार आहे, आणि ओतलेला पदार्थ फुप्फुसांत जाण्याची भीति असते. चुलीतला कोळसा वाटून घालणें व्यर्थ आहे. दवाखान्यांत देतात तो कोळसा विशिष्ट रीतीनें तयार केलेला असतो. निलगिरीचें तेल, कापूर किंवा कोरफडीचा पिवळा चीक अंगास चोळूं नये. तीं मांजरास स्वतःच विषें आहेत. पॅरासिटामॉलविषयीं वर सांगितलेंच आहे.

झांकणाच्या टोपलींत मांजर घालून तें सरळ दवाखान्यांत न्यावें. थळहून अलिबागचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जवळ आहे. मोठ्या उपचाराची गरज पडल्यास परळ येथें १८८३ सालीं स्थापन झालेलें बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय व १८८६ पासूनचें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि २०२० पासून मांडवा ते भाऊचा धक्का अशी वाहनें नेणारी रो-रो बोट सुरू झाल्यानें तेथें जाणें पूर्वींपेक्षां सुकर झालें आहे. लिलीच्या बाबतींत पहिल्या अठरा तासांच्या आंत शिरेवाटें सलाईन सुरू झालें तर मांजर वांचण्याची चांगली आशा असते. लघवी बंद झाल्यावर ती फार थोडी उरते. कण्हेरीच्या बाधेंत हृदयाची गति सांभाळणारीं औषधें वैद्याजवळ असतात, तीं घरीं देतां येत नाहींत. कांद्याच्या बाधेंत कांदा बंद करून वेळीं उपचार झाल्यास रक्त पुन्हां भरून येतें.

वाचकांनीं हा अंक खालीं ठेवल्यावर एकदां आपल्या घराभोंवतीं सावकाश फेरी घालावी, आणि मांजर कोठून येतें, कोठें निजतें, काय चाटतें, काय खातें हें पाहावें. वर सांगितलेल्यांपैकीं कोणतीं झाडें त्याच्या वाटेवर आहेत, त्यांची यादी करण्यास अर्धा तास पुरे होतो. आणि पुढें कधीं घरचें मांजर अकस्मात् दगावलेंच, तर शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं ती यादी एकदां काढून पाहावी.